शाळेच्या ग्रंथपालाच्या तीन वह्या

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कवींची चरित्रे शोधली, हस्तलिखिते ताडून पाहिली, छापखान्यांची आणि नियतकालिकांची हकीकत सिद्ध केली. वाचक मात्र या सगळ्या खटाटोपात बहुधा बाहेरच राहिला. 'लोकप्रिय', 'वाचकप्रिय', 'एका पिढीने डोक्यावर घेतलेली कादंबरी' अशी विशेषणे आपण सर्रास वापरतो. पण ही पिढी कोणत्या गावची, तिने ते पुस्तक कोणत्या महिन्यात घरी नेले आणि किती दिवस ठेवून घेतले, असे कोणी विचारले तर आवृत्त्यांच्या आकड्यांखेरीज आपल्यापाशी सांगण्यासारखे काही नसते. या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या हाताखाली रोज लिहिली जातात, तो माणूस वाङ्मयेतिहासात कुठेच नाही. हायस्कूलचा ग्रंथपाल हा तो माणूस. त्याच्या कामाकडे आम्ही या लेखात इतिहासाचे साधन म्हणून पाहणार आहोत.

उदाहरणासाठी आम्ही मंगळवेढा घेतो. पंढरपूरहून दक्षिणेला गेले की लागणारे हे तालुक्याचे गाव. भोवती काळी, सपाट जमीन. तीत पिकणाऱ्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाची ही राजधानी होती आणि कल्याणला जाण्यापूर्वी बसवेश्वर येथेच होते. दामाजीपंत येथले, कान्होपात्रा येथली. गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा दगावले तेही येथेच, १३३८ मध्ये. पुढे हा मुलूख सांगली संस्थानात होता. १९४८ च्या विलीनीकरणानंतर तो सोलापूर जिल्ह्याला जोडला गेला. एवढा वाङ्मयीन वारसा असलेल्या गावातली शाळकरी मुले गेल्या पन्नास-साठ वर्षांत काय वाचत आली, हा प्रश्न आम्हांस कुतूहलाचा वाटतो.

आधी ग्रंथपालाचा दिवस पाहू. तालुक्याच्या गावी तो बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सकाळी वर्तमानपत्रे येतात, त्यांवर शाळेचा शिक्का पडतो आणि वृत्तपत्रांच्या वहीत खूण होते. परिपाठाला बातम्या, दिनविशेष आणि सुविचार लागतात. ज्या वर्गाची पाळी असेल त्यातली दोन मुले घाईघाईने येऊन ते उतरवून घेतात. पहिल्या तासाला कोणी शिक्षक रजेवर असले की ग्रंथपालाला त्या वर्गावर जावे लागते. तेथून परतेपर्यंत दारात एखाद्या वर्गाचा ग्रंथालयाचा तास उभा असतो. मधल्या सुट्टीत खरी गर्दी. एकाच वेळी पंधरा हात पुढे, आणि मागणी बहुधा नावाने नसते: 'सर, ते लाल पुठ्ठ्याचं', 'मागं याला दिलेलं तसलंच', 'भुताचं आहे का?' नाव ठाऊक नसलेले पुस्तक मागणाऱ्याला नेमके तेच काढून देणे हे या व्यवसायातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेच्या परीक्षेत त्याला गुण नसतात.

दुपारी नव्या पुस्तकांचे काम. बिल आणि पुस्तके जुळवायची, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि शाळेने ठरवून ठेवलेल्या एका गुप्त पानावर शिक्का मारायचा, दाखल क्रमांक घालायचा, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी चिकटवायची आणि शेवटच्या पानावर खळीने तारीखपट्टी लावायची. जून महिना पाठ्यपुस्तकांच्या वाटपात जातो. मार्चमध्ये दहावीच्या मुलांकडून पुस्तके परत घेण्याची मोहीम असते. ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथपालाची सही झाल्याखेरीज मुलाचे पुढचे कागद हलत नाहीत, म्हणून वर्षभर न दिसलेले चेहरे त्या आठवड्यात हटकून दिसतात. १२ ऑगस्टला रंगनाथनांची जयंती, २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या दोन्ही दिवशी टेबलावर पुस्तके मांडून छायाचित्र काढायचे आणि वर पाठवायचे. उरलेल्या वेळात परीक्षेचे पर्यवेक्षण, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि 'तुम्हांला काय काम असतं?' या प्रश्नाला हसून दिलेले उत्तर.

या धबडग्यात तो सतत लिहीत असतो. त्याच्या लिखाणाच्या वह्या अनेक, पण आमच्या विषयाला दोनच महत्त्वाच्या. पहिली दाखल नोंदवही. तीत दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, बिलाचा क्रमांक असे रकाने असतात आणि शेवटचा 'शेरा'. पुस्तकाचा जन्म पहिल्या रकान्यात आणि मृत्यू शेवटच्या: 'हरवले', 'रक्कम वसूल', 'निर्लेखित'. मधल्या आयुष्याला या वहीत जागा नाही. दुसरी देवघेव वही. तीत मुलाच्या नावाचे पान असते. नेले कधी, आणले कधी, सही. आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाखल नोंदवही कायमची जपायची असते. ती जडसंग्रहाचा पुरावा असते, तपासणीला मागितली जाते, नवा ग्रंथपाल आला की ती मोजून त्याच्या ताब्यात दिली जाते. देवघेव वही भरली की माळ्यावर जाते आणि कधीतरी उन्हाळी सुट्टीत रद्दीच्या गठ्ठ्यात. तारीखपट्टीचे तेच होते; पुस्तकाचे निर्लेखन झाले की शेवटच्या पानावरच्या तारखाही त्याच्याबरोबर तागडीत पडतात.

शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयोग्रंथालयी फिरून 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली. तिचा १८०० ते १९३७ या काळाचा भाग १९४४ मध्ये निघाला आणि १९३८ ते १९५० चा १९६१ मध्ये. एकट्या माणसाने केलेल्या या कामापुढे आजही मान लवते. दात्यांची सूची काय छापले गेले ते सांगते. शाळेची दाखल नोंदवही त्यातले काय विकत घेतले गेले ते सांगते. काय वाचले गेले, निदान काय घरी नेले गेले, ते सांगणारी देवघेव वही एवढीच, आणि तीच आपण फेकतो. लेखाच्या शीर्षकातली तिसरी वही आम्ही दात्यांची धरली आहे. शाळेतली नसली तरी ती प्रत्येक ग्रंथपालाच्या टेबलावर असायला हवी होती.

अशा वह्या टिकल्या तर काय होते याचे एक उदाहरण आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातले मन्सी हे शहर. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने त्यालाच 'मिडलटाउन' असे टोपणनाव देऊन १९२९ मध्ये आपला प्रसिद्ध समाजशास्त्रीय अभ्यास छापला होता. २००३ मध्ये फ्रँक फेल्सेनस्टाइन या साहित्याच्या प्राध्यापकाला तेथील सार्वजनिक ग्रंथालयात जुन्या वह्या सापडल्या. मधला थोडा खंड सोडला तर १८९१ च्या नोव्हेंबरपासून १९०२ च्या अखेरपर्यंत कोणी कोणते पुस्तक कोणत्या दिवशी नेले याच्या सुमारे पावणेदोन लाख नोंदी त्यांत होत्या. जनगणनेच्या कागदांशी त्या ताडून पाहिल्यावर वाचकाचे वय, धंदा, घरची स्थिती हेही कळू लागले. फेल्सेनस्टाइन आणि जेम्स कॉनली यांचा त्यावरचा ग्रंथ २०१५ मध्ये आला. त्या काळच्या अमेरिकन कादंबरीचा इतिहास ज्या लेखकांच्या नावांनी सांगितला जातो त्यांच्यापैकी कोणी तेथे अग्रभागी नव्हते. सर्वांत अधिक मागणी होती ती होरेशियो ॲल्जर या मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकाला. एका मध्यम शहराच्या कारकुनी वह्यांनी वाङ्मयेतिहासाला असे खडबडून जागे केले.

आमच्या तालुक्याच्या गावांतून असे काही का उरले नाही? ग्रंथपालांची बेपर्वाई हे उत्तर सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्याला आपण कशाबद्दल जबाबदार धरले ते पाहिले पाहिजे. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात शालेय ग्रंथालयांची अवस्था स्पष्ट नोंदवली होती: नाव घेण्यासारखी ग्रंथालये बहुतेक शाळांत नाहीत, आहेत ती पुस्तके जुनी आणि मुलांच्या आवडीला न धरून निवडलेली, आणि त्यांची देखभाल एखाद्या कारकुनाकडे किंवा या कामात रस नसलेल्या शिक्षकाकडे. पुढे महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. कोल्हापूर संस्थानाने असा कायदा १९४५ मध्येच केला होता, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. पण १९६७ चा कायदा गावच्या वाचनालयांचा. अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यांप्रमाणे अनुदान ही त्याची रचना. शाळेतले ग्रंथालय त्याच्या कक्षेबाहेर, शिक्षण खात्याच्या पदरात. तेथे ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरू लागले. मुले हजाराच्या वर असतील तर पूर्णवेळ, पाचशे ते हजार असतील तर अर्धवेळ, त्याहून कमी असतील तर एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात किल्ली. 'अर्धवेळ ग्रंथपाल' हा शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातला विनोद आता जाणवेनासा झाला आहे. अर्ध्या वेळात कोणत्या अर्ध्या मुलांनी वाचायचे हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे परिशिष्टात घातले; ग्रंथपालाचा उल्लेख त्या परिशिष्टात नाही. कपाट हवे, माणूस नको.

आणि या माणसाची तपासणी होते ती पुस्तकांच्या मोजदादीने. नोंदवहीत आहे ते कपाटात आहे का, एवढाच प्रश्न. नसेल तर भरपाई. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) या बाबतीत एक शहाणपण आहे: वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी नुकसान समजावे, अर्थात त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. हा नियम केंद्राच्या खात्यांचा. मंगळवेढ्यातल्या अनुदानित शाळेला तो बांधील नाही. पण त्यातला हिशेब पाहण्यासारखा आहे. पाचाची सूट कपाटात असलेल्या हजारावर मिळत नाही, वाचकांच्या हाती गेलेल्या हजारावर मिळते. म्हणजे जो अधिक देतो त्याचे अधिक हरवणार, हे नियम करणाऱ्याने गृहीत धरले आहे. ज्या शाळेत ही समज नसते तेथे ग्रंथपाल जे शिकतो ते उघड आहे. पुस्तक दिलेच नाही तर हरवत नाही. रंगनाथनांनी १९३१ च्या आपल्या पाच सूत्रांच्या ग्रंथात, ग्रंथ वापरासाठी असतात हे पहिले सूत्र मांडताना, मध्ययुगीन युरोपात साखळीने बांधून ठेवलेल्या पुस्तकांची आठवण दिली आहे. आमच्याकडे साखळीऐवजी गोदरेजचे कपाट आले. काचेतून पुस्तके दिसतात, एवढी प्रगती झाली.

साठा आणि वाटप यांतला हा पेच मंगळवेढ्याला नवा नाही. दामाजीपंतांची कथा महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त सांगितली आणि ती घरोघर गेली. दुष्काळ पडला, सरकारी कोठारे भरलेली, लोक उपाशी. अंमलदार दामाजीपंतांनी हुकुमावाचून कोठारे लोकांना लुटू दिली. बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून नेण्यास माणसे धाडली, तोवर विठू महार नावाचा कोणी दरबारात येऊन सगळ्या धान्याचे पैसे भरून पावती घेऊन गेला. इतिहासाच्या काटेकोर नजरेला येथे अडचणी आहेत. दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळ १३९६ ते १४०७ असा सांगतात, तर बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली ती अहमदशहा वलीच्या कारकिर्दीत, १४२२ नंतर. तेव्हा दुष्काळ दुसरा असेल किंवा बादशहाचे गाव कथेने आपल्या सोयीने घेतले असेल. आम्हांला त्या वादात शिरायचे नाही. आमचे लक्ष पावतीकडे आहे. चमत्कारही हिशेबवहीला ओलांडून गेलेला नाही. देवालासुद्धा सरकारी भरणा करून पोच घ्यावी लागली. आणि ती पोच दामाजींना कोठे सापडली? नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत. पुस्तकात ठेवलेल्या चिठ्ठीची आमच्या वाङ्मयातली ही फार जुनी नोंद म्हणावी लागेल. शाळेच्या ग्रंथपालाकडे असा भरणा करणारा कोणी येत नाही, म्हणून तो कोठार उघडताना दहादा विचार करतो.

वर्गीकरणाविषयी थोडे विषयांतर. पण ज्यांचा विषय साहित्य आहे त्यांना ते अनाठायी वाटू नये. मेल्विल ड्यूईची दशांश पद्धती १८७६ ची. आपल्या बहुतेक शाळांत, जेथे वर्गीकरण आहे तेथे, तीच. तीत मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ मध्ये. एक आर्यभाषांच्या ओळीत, दुसरे द्राविडी. मंगळवेढ्याच्या एकाच मातीत वावरलेले बसवेश्वर आणि चोखोबा अशा रीतीने दोन वेगळ्या फळ्यांवर जातात. शिवाय चोखोबांचा गाथा ८९१.४६ खाली काव्य म्हणून लावायचा की २९४.५ खाली हिंदू धर्म म्हणून? धर्माच्या दोनशेंपैकी बहुतेक अंक ड्यूईने ख्रिस्ती धर्माला दिले आणि इतर सर्व धर्म दोनशे नव्वदात कोंबले, हे तर जगजाहीर आहे. ग्रंथपाल जो अंक लिहील त्यावर ठरते की नववीतली मुलगी गाथेपर्यंत कवितेच्या फळीवरून पोचेल की पोथ्यांच्या. आणि डॉ. आंबेडकरांचे अस्पृश्यांविषयीचे १९४८ चे पुस्तक? ते समाजशास्त्रात, तीनशेंच्या कपाटात. ते त्यांनी तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केले आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. म्हणजे मंगळवेढ्यात गावकुसाखाली गेलेल्या माणसाचे नाव त्या तीनशेंच्या कपाटातही आहे, फक्त तालिकापत्र तसे सांगत नाही. चांगला ग्रंथपाल ते तोंडाने सांगतो. संप्रदायाची परंपरा अशी की चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले. ज्याला मंदिराच्या दारापलीकडे जाता आले नाही त्याचे शब्द आपल्यापर्यंत आले ते कोणीतरी बसून लिहून घेतले म्हणून. लिहून घेणाराचे नाव राहिले, एवढी तरी कृतज्ञता तेराव्या-चौदाव्या शतकाने दाखवली.

समजा, मंगळवेढ्यातल्या एखाद्या शाळेच्या माळ्यावर १९६० ते २००० च्या देवघेव वह्या उंदरांच्या तावडीतून वाचल्या आहेत. त्यांतून काय काय दिसू शकेल? सुगीत ज्वारीची काढणी सुरू झाली की कोणती नावे वहीतून महिनाभर गळतात. १९७२ च्या दुष्काळात, मोठी माणसे रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर असताना, मुले काय नेत होती. 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. ते तालुक्याच्या गावी किती हातांतून फिरले. मुलींच्या पानांवर कोणती पुस्तके आहेत आणि आठवीनंतर ती पाने कोरी का होतात. ऐतिहासिक कादंबरीचा जो सुवर्णकाळ आपण शिकवतो तो तेथे कोणत्या साली पोचला. हे सर्व प्रश्न विद्यापीठातल्या प्रबंधाचे आहेत. त्यांची साधने तालुक्याच्या रद्दीवाल्याकडे जात आली आहेत. संगणक आल्याने काम सोपे झाले असे म्हणतात. पुस्तक परत आल्याची कळ दाबली की नोंद मिटते, निदान अनेक ठिकाणी ती जपण्याची कोणाला आठवण राहत नाही. कागद उंदरांनी तरी सावकाश खाल्ला असता.

एक कबुली देणे मात्र आवश्यक आहे, कारण देवघेव वहीवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येणार नाही. आम्ही याच जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिकलो. तेथील ग्रंथपाल अर्धवेळ होते. मधल्या सुट्टीनंतर येत, सायकलच्या कॅरियरला वह्यांची पिशवी. आमच्या हातून एक पुस्तक पावसात भिजले होते, दंड भरला नव्हता, आणि दंड भरल्याशिवाय दुसरे पुस्तक द्यायचे नाही असा मुख्याध्यापकांचा नियम होता. सर आम्हांस काही बोलले नाहीत. त्या वर्षी आम्ही अकरा पुस्तके वाचली. आमच्या पानावर त्यांतले एकही नाही. पुष्कळ वर्षांनी काही कामासाठी शाळेत गेलो असता जुनी वही कपाटाच्या तळाशी सापडली, म्हणून पाने उलटली. मुलांची पाने संपल्यावर शिक्षकांची होती. तेथे सरांच्या स्वतःच्या नावाखाली, त्यांच्याच बारीक अक्षरात, परीकथा, विज्ञानाचे प्रयोग, एक शिकारकथांचे पुस्तक, पुन्हा परीकथा अशा नोंदी ओळीने लागल्या होत्या. आमची अकरा आम्ही ओळखली. ओळी त्याहून कितीतरी अधिक होत्या.